रोजवहीतला सारंग

मालकीणबाईंची सुनेबद्दलची मुख्य तक्रार अशी होती की ती भांडत नाही.

सुनेने कसं, एकाला दोन उत्तरं द्यावीत. मग आपण तिच्या माहेरची उणीदुणी काढावीत, दोघींनी दोन दिवस अबोला धरावा आणि तिसऱ्या दिवशी मिठाचा डबा कुठे ठेवलास या निमित्ताने पुन्हा बोलायला लागावं. याला नांदतं घर म्हणतात. ही बया मात्र कशालाही 'बरं' म्हणायची. दोर ओलाच गुंडाळलास म्हटलं, बरं. इंजिनाच्या घशात काहीतरी अडकलंय म्हटलं, बरं. तुझ्या चालवण्याने माणसांच्या पोटातलं जेवण वर येतं म्हटलं, तरी बरंच. भिंतीवर डोकं आपटलं तर भिंत निदान आवाज तरी करते.

दुसरी तक्रार अशी, की खाडीच्या तोंडाशी बोट आली की ही वेग कमी करायची. तिथून बाहेरचा समुद्र दिसतो, मोठी जहाजं नांगर टाकून उभी असतात. फुकटचं डिझेल जळतं, म्हणून मालकीणबाई मागून ओरडायच्या. ती वेग का कमी करते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. राग त्याचाच यायचा.

बोट खाडीच्या या काठावरून त्या काठाला जायची. दिवसाला आठ फेऱ्या, फेरीला वीस मिनिटं, माणसं चाळीस, सायकली सहा, शेळी असली तर मालकीणबाईंच्या मर्जीवर. त्या मागच्या बाजूला लाकडी पेटीवर बसून तिकिटं फाडायच्या. बोट त्यांच्या नवऱ्याने बांधून घेतलेली. तो गेल्यावर सुकाणू लेकाकडे आलं. लेकाला लहानपणापासून सगळा धक्का 'कप्तान' म्हणायचा, आणि कप्तानांना जशी खोड असते तशी त्यालाही होती. खाडी पुरेना. सून घरात येऊन वर्ष होत नाही तोच तो मोठ्या जहाजावर लागला. दोन वर्षं जातो, नव्या इंजिनापुरतं कमावतो, आलोच.

त्याला सात वर्षं झाली. आधी दर रविवारी फोन यायचा. मग महिन्याला. मग आवाज नीट येत नाही म्हणून बंद झाला. तीन वर्षांपूर्वी जहाजाच्या कंपनीचं पत्र आलं की तुमचा मुलगा अमुक बंदरात स्वखुशीने उतरला, पत्ता ठेवून गेलेला नाही. मालकीणबाईंनी ते पत्र इंजिनाखाली गळणारं तेल टिपायला टाकलं. दोन दिवसांनी स्वतःच वाकून काढलं, पुसलं, वाळवलं आणि घडी करून उशीच्या अभ्र्यात सारलं.

तो गेल्यावर पगारी माणूस ठेवला होता, पण तो आठवड्यातून तीनदा उशिरा यायचा. चौथ्यांदा आला तेव्हा बोट धक्क्यावर नव्हती. दोर बांधायला आणि पाणी उपसायला येणारी सून, उतारू खोळंबलेत असं बघून, न विचारता सुकाणूवर उभी राहिली होती आणि बोट अर्ध्या खाडीत होती. तो येईपर्यंत, असं तेव्हा ठरलं. म्हणजे पगारी माणूस येईपर्यंत नव्हे. कप्तान येईपर्यंत.

आता रोजवहीची गोष्ट. शेवटची फेरी झाली की मालकीणबाई मांडीवर वही घ्यायच्या. तारखेचा शिक्का असायचा, तो मारायच्या. जितक्या फेऱ्या तितक्या उभ्या रेघा ओढायच्या. शेवटच्या रकान्यात सारंगाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्याचं नाव. जुना कायदा याहून जास्त काही मागत नव्हता, आणि मालकीणबाईंपाशी याहून जास्त काही नव्हतं. त्या शाळेत चार महिने गेलेल्या. पुढे लेक सात वर्षांचा असताना स्वतःचं नाव लिहायला शिकला आणि कोणाला तरी शिकवल्याशिवाय त्याला चैन पडेना, म्हणून बोटीच्या फळीवर खडूने आईकडून ती तीन अक्षरं गिरवून घेतली. मालकीणबाईंना दोनच गोष्टी लिहिता यायच्या. आपली सही आणि लेकाचं नाव.

तो गेला त्या संध्याकाळी त्यांनी हाताच्या सवयीने वहीत त्याचं नाव लिहिलं. दुसऱ्या संध्याकाळी कळून-सवरून लिहिलं. मग लिहितच राहिल्या. ऊन असो, वारा असो, सुनेला ताप असो, वहीत लेक रोज हजर. एक दिवस खाडा नाही.

कायदा बदलल्याची नोटीस धक्क्याच्या खांबावर लागली, ती नर्सबाईंनी वाचून दाखवली. नर्सबाई रोज पहिल्या फेरीने पलीकडच्या दवाखान्यात जायच्या आणि जगातलं सगळं वाचलेलं त्यांच्याकडे असायचं.

"म्हणजे असं," त्या म्हणाल्या, "यापुढे सुकाणूवर जो असेल त्याच्यापाशी स्वतःचा परवाना पाहिजे. परीक्षा द्यायची, आणि परीक्षेला दहावी पास असायला हवं."

"समुद्राने कधी कोणाची दहावी विचारली नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

"पुढचं ऐका. जुन्या लोकांसाठी सवलत आहे. अर्ज करायच्या दिवसाआधी सलग तीन वर्षं जो सुकाणूवर होता, त्याला परीक्षेशिवाय परवाना. पुरावा बोटीची रोजवही. मुदत सहा महिने. त्यानंतर बिनपरवान्याची बोट बांधून ठेवायची." असं म्हणून नर्सबाईंनी सुकाणूकडे पाहिलं. सून पाण्याकडे बघत होती.

सहा महिन्यांतले पाच महिने अठ्ठावीस दिवस मालकीणबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्या मनात एक बेत शिजत होता. वहीप्रमाणे तीन सोडून सात वर्षं कोणाची भरत होती? लेकाची. मग परवाना त्याचाच निघणार. आणि स्वतःच्या नावाचा परवाना बंदर कचेरीत वाट बघतोय म्हटल्यावर कोणता सारंग परत येणार नाही? त्याला कळवायचं कुठे, हा विचार त्यांनी पुढच्या वळणावर ठेवला होता. मुदत संपायला दोन दिवस उरले त्या बुधवारी त्यांनी सातही वह्या पिशवीत घातल्या, दुपारच्या फेरीने पलीकडे उतरल्या आणि कुठे निघाले ते सुनेला सांगितलं नाही.

कचेरीतला कारकून नवा होता, बदलून येऊन त्याला तीन महिने झाले होते. त्याला पाण्याची भीती वाटते आणि तो धक्क्याच्या टोकापर्यंतही जात नाही, असं लोक सांगत. बंदराचा कारकून आणि पाण्याची भीती, म्हणजे आचाऱ्याला वासाचा त्रास.

"बसा आजी."

"आजी तुझ्या आईची आई. मला मालकीण म्हणतात."

"बसा मालकीण." त्याने वह्या चाळल्या. चाळता चाळता त्याचा चेहरा उजळला. "सात वर्षं. रजा नाही, दुखणं नाही, सुतक-लग्न काही नाही. असा सारंग साऱ्या किनाऱ्यावर नसेल."

"माझा लेक आहे," मालकीणबाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांची मान अशी ताठ झाली.

"शंभर टक्के परवाना. त्यांना घेऊन या. फोटो, सही, अंगठा. शुक्रवारी पाचपर्यंत."

"कामावर असतो तो."

"तुमच्याच बोटीवर ना? मग काय, बोट बांधा आणि पाच मिनिटं पाठवा."

मालकीणबाईंनी रिकाम्या पिशवीचे बंद सोडले आणि पुन्हा बांधले. कारकुनाला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला ऐकू कमी येत असेल. तो जरा मोठ्याने म्हणाला, "काल तुमच्याच बोटीवरच्या एक बाई आल्या होत्या. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. परीक्षेची चौकशी करत होत्या. शिकलेल्या पाचवीपर्यंत. मी विचारलं, तुम्ही स्वतः सुकाणू धरता का? धरत असाल तर परीक्षेचं नाव कशाला, वही आणा. तर म्हणाल्या, वहीत जे असेल ते खरं. आणि मोठ्यांची शाळा कुठे भरते त्याचा पत्ता घेऊन गेल्या."

 मालकीणबाईंनी वरची वही उघडून शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"समजा," त्या शेवटी म्हणाल्या, "एखाद्या मूर्ख बाईने वहीत भलत्याचंच नाव घातलं असलं, तर?"

कारकुनाने वहीवरून नजर उचलली. पाण्याला भीत असला तरी माणूस वाचता येत होता त्याला. "तर त्या बाईंनी शुक्रवारपर्यंत आपल्या हाताने दुरुस्त करावं. मालकाने आपणहून दुरुस्त केलं तर दंड नाही, तशी तरतूद आहे. जुन्या कायद्यातून नव्यात येताना लोकांना तेवढी उसंत द्यावी म्हणून. नेहमीच्या दोन उतारूंच्या सह्या जोडाव्यात. शनिवारपासून मात्र ती खोटी नोंद."

"सातही वर्षं?"

"शेवटची तीन पुरेत. हजार पंचाण्णव दिवस."

"खोडायचं कशाने?"

"खोडायचं नाही. रबर नाही, शाई फासणं नाही, पान फाडणं तर नाहीच. नावावरून एकच आडवी रेघ, आणि शेजारी खरं नाव. पण खालचं वाचता आलं पाहिजे."

"ते का?"

"आधी तिथे कोण होतं ते नाहीसं करता येत नाही, आजी. नियमच आहे तसा."

या वेळी मालकीणबाईंनी त्याचं आजी म्हणणं दुरुस्त केलं नाही.

संध्याकाळी शेवटची फेरी झाली. उतारू गेले. सून दोर बांधायला वाकली तेव्हा मालकीणबाई पेटीवरून म्हणाल्या, "शाळेत जाणार म्हणे तू."

सुनेचा हात दोरावर थांबला. "हो."

"पस्तिसाव्या वर्षी. पहिल्या बाकावर बसणार का?"

"शेवटच्या. उंच आहे मी."

"आणि दहावी होईपर्यंत बोट कुठे बांधू? माझ्या डोक्याला?"

"तोवर पलीकडच्या गोदामात कामाला जाईन. विचारून ठेवलंय."

"विचारून ठेवलंय," मालकीणबाई म्हणाल्या. "जगाला विचारून ठेवलंय, घरात विचारायला तोंडाला कुलूप. त्या कारकुनाला सांगितलं का नाहीस? म्हणायचं होतं, सासू खोटं लिहिते, सात वर्षं मी उभी आहे तिथे."

सून सरळ उभी राहिली. मागे पाणी धक्क्याच्या दगडांना लागत होतं.

"तुम्ही नाव लिहिता ना, तेव्हा मी दोर बांधायला मुद्दाम वेळ लावते," ती म्हणाली. "गाठ केव्हाच बसलेली असते. तुमच्या खांद्यावरून बघत असते. दिवसभर तो नसतो, आई. ती तीन अक्षरं लिहून होईस्तोवर असतो. ती खोडायला मी कशी सांगू?"

हे सुनेचं सात वर्षांतलं सगळ्यात लांब बोलणं होतं. मालकीणबाईंना वाटत होतं, वाट फक्त आपणच पाहतो. बाईने नवऱ्याची वाट पाहिली तर निदान दिसली पाहिजे, चार माणसांत डोळे पुसावेत, जेवण टाकावं. ही दोन्ही वेळा पोटभर जेवायची. आज कळलं की आपण ज्या चोरीला एकट्या जात होतो, तिथे ही रोज पहाऱ्यावर उभी होती.

त्यांना त्याचा रागही आला. आपलं असं एकच होतं, त्यातही वाटेकरी निघाला.

"सात वर्षं माझ्या मानेवर श्वास टाकत होतीस, आणि मी म्हणतेय वारा पडला तरी गार कसं लागतंय," त्या म्हणाल्या. मग तिकिटांचा गठ्ठा पुढे केला. "लिहून दाखव. तुझं नाव. मला येत नाही."

सुनेने तिकिटाच्या मागे लिहिलं. मालकीणबाईंनी तिकीट हातभर लांब धरून पाहिलं. या नावाने त्या रोज शंभरदा हाका मारायच्या, पण ते दिसतं कसं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"चार अक्षरं. तुझ्या माहेरी काटकसर म्हणून माहीत नाही."

त्या रात्री जेवायच्या आधी त्यांनी वीस तिकिटं गिरवून फुकट घालवली. गुरुवारी पहिल्या फेरीपासून पेटीवर वही उघडून बसल्या. तिकिटं नर्सबाईंनी फाडली. त्यांनी दवाखान्यातून रजा घेतली होती, आणि का घेतली ते त्यांना कोणी विचारलं नाही.

पहिलीच रेघ ओढवेना. पेन नावाच्या अलीकडे टेकवलं आणि बोट अर्धी खाडी ओलांडून गेली. मग एकदम ओढली, जशी पायातली काच ओढतात. रेघेखाली नाव होतं तसं होतं. शेजारी सुनेचं नाव उमटलं, वाकडं, दुसरं अक्षर ओळीच्या खाली घसरलेलं. असा एक दिवस झाला. लेक त्या दिवशी बोटीवर नव्हता. दुसरा दिवस. त्याही दिवशी नव्हता.

पाचव्या पानावर तेलाचा अंगठा उमटलेला होता. कंपनीचं पत्र आलं तो दिवस. त्या दिवशी त्यांनी नाव दोनदा लिहिलं होतं, एकाखाली एक. हे त्या विसरूनच गेल्या होत्या. दोन्हींवर रेघ ओढावी लागली. त्या फेरीला मालकीणबाईंनी मान वर केली नाही, आणि खाडीच्या तोंडाशी बोट मंद झाली तेव्हा मागून ओरडणंही आलं नाही. उतारू एकमेकांकडे बघू लागले. शेळीवाला हळूच म्हणाला, "म्हातारीला बरं नाही का?" त्यावर "तुझ्या शेळीचं दुप्पट तिकीट लावू का?" असा आवाज आला, तेव्हा कुठे बोट निश्चिंत झाली.

दुपारपर्यंत एक वर्ष झालं. प्रत्येक दिवस काही त्यांना आठवत नव्हता, पण काही आठवत होते. वादळात इंजिन बंद पडलं आणि सुनेने बोट वाऱ्याला आडवी होऊ न देता गाळावर नेऊन बसवली, चाळीस माणसं गुडघाभर चिखलातून चालत घरी गेली, तो दिवस. सुनेचा बाप गेल्याचा निरोप आला आणि तिने आधी फेरी पुरी केली, तो दिवस. धुक्यात भोंगा बिघडला म्हणून तिने सगळ्या उतारूंना टाळ्या वाजवायला लावल्या, तो दिवस. त्या सगळ्या दिवशी वहीत लेक होता. मालकीणबाई रेघ ओढत गेल्या, चार अक्षरं लिहीत गेल्या, आणि लिहिता लिहिता त्यांना पहिल्यांदाच ते दिवस जसे झाले तसे दिसले. लेक त्यांत कुठेच नव्हता. तो कुठे होता हे ठाऊक नव्हतं, आणि हे ठाऊक नसणंच त्या रोज संध्याकाळी तीन अक्षरांनी झाकत आल्या होत्या.

संध्याकाळी बोटं आखडली. सुनेने तेल गरम करून आणलं. मालकीणबाईंनी हात पुढे केला आणि दुसरीकडे बघत बसल्या.

उतारूंच्या सह्या दोनच हव्या होत्या, पण शुक्रवारी सकाळी बातमी फुटली आणि जो तो पेन मागू लागला. सदतीस सह्या झाल्या. शेळीवाल्याने अंगठा उठवला. दुपारी तीनला शेवटची रेघ ओढून झाली. हजार पंचाण्णव. शेवटच्या पानावर सुनेचं नाव इतकं सरळ आलं होतं की मालकीणबाईंनी ते जरा लांब धरून पुन्हा पाहिलं.

कारकुनाने पानं मोजली, सह्या पाहिल्या, सुनेचा फोटो काढला. फोटोत ती गुन्हेगारासारखी दिसत होती, पण परवान्यावरचं माणूस तसंच दिसतं असं तो म्हणाला. मग त्याने आधीच्या चार वह्यांवर हात ठेवला. "या चार वर्षांचं काय?"

"तुझ्या कायद्याला लागतात?"

"नाही. तीन पुरेत."

"मग हात काढ," मालकीणबाई म्हणाल्या, आणि त्या चार वह्या उचलून पिशवीत घातल्या.

कारकून त्यांना सोडायला धक्क्यापर्यंत आला, टोकाच्या बराच अलीकडे थांबला आणि परत गेला. पायऱ्यांशी बोट बांधलेली होती. सुनेने परवाना दोन्ही हातांत धरला होता, वाऱ्याने उडेल म्हणून. नजर बाहेरच्या जहाजांकडे होती. 

"आई," ती म्हणाली, "तो आला तर? त्याची जागा..."

मालकीणबाईंनी पिशवी खाली ठेवली. धक्क्यावरची दहा-बारा माणसं ऐकत होती, आणि त्यांनी आवाज मुळीच कमी केला नाही.

"ऐक. बोट तू त्याच्यापेक्षा चांगली चालवतेस. पहिल्याच वर्षी कळलं होतं मला. बोलले नाही, कारण बोलले असते तर त्याला परत यायला कारण उरलं नसतं. पण वहीत नाव लिहून माणूस येत नाही, बघितलं मी लिहून. तू आणि मी त्याची वाट बघायची ती बघू, ती काय कोणाच्या कायद्याने थांबते? पण सुकाणूवर उभं राहून बघायचं ते तू, आणि तुझ्या नावाने. आला तर येऊ दे. दोर बांधायला माणूस लागतोच."